बेरीज जुळते तेव्हा: संगणकीय नोंदींतल्या चुकांचा एक आढावा

जालन्याच्या मोंढ्यात कपाशीच्या बियाण्याची पिशवी घेणारा शेतकरी, औद्योगिक वसाहतीतून सळईची गाडी रवाना करणारा कारकून आणि तहसीलमध्ये सातबाऱ्याची दुरुस्ती मागणारा खातेदार, या तिघांचाही एकाच प्रश्नाशी रोज संबंध येतो. संगणकात शिरलेला आकडा चुकला आहे हे संगणकाला कळते कसे? आणि कळल्यावर तो चूक स्वतः सुधारू शकतो का?

या प्रश्नावर पाऊणशे वर्षे काम झाले आहे. त्याचा आढावा घेताना चुकांचे तीन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. पहिली चूक वाटेत किंवा साठवणीत होते: तार, लहरी, चिप किंवा डिस्क यांच्यात एखादा बिट उलटतो. दुसरी चूक माणसाच्या बोटातून येते: टंकताना अंक मागेपुढे होतात, नाव चुकते. तिसरी नोंद मुळातच खोटी असते, आणि संगणकात ती जशी दिली तशी बिनचूक साठते. पहिल्या प्रकारावर शास्त्राने जवळजवळ विजय मिळवला आहे. दुसऱ्यावर अर्धा मिळवला आहे. तिसरा प्रकार या शास्त्राच्या कक्षेतच येत नाही. जालन्यासारख्या जिल्ह्यात मात्र लोकांचे हाल होतात ते बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारामुळे, आणि कार्यालयांत तिन्हींना एकच उत्तर मिळते: "सिस्टीमने घेतले म्हणजे बरोबर आहे."

पार्श्वभूमी

मूळ कल्पना सोपी आहे. चूक पकडायची असेल तर मजकुराबरोबर थोडी जादा माहिती ठेवावी लागते. सगळ्यात जुनी पद्धत पॅरिटीची: बिटांच्या गटातल्या एकांची संख्या सम राहील असा एक जादा बिट जोडायचा. पोहोचलेल्या गटात ती विषम निघाली तर काहीतरी बिघडले. पण कोणता बिट बिघडला हे कळत नाही, आणि दोन बिट उलटले तर संख्या पुन्हा सम होऊन चूक निसटते.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग यांचा त्रास नेमका हाच होता. शनिवार-रविवारी त्यांचे गणित यंत्रावर लावलेले असे. यंत्राला चूक सापडली की ते काम तिथेच सोडून पुढच्या कामाला लागे आणि सोमवारी हाती काहीच येत नसे. यंत्राला चूक झाल्याचे कळते, मग कुठे झाली हेही का कळू नये, या प्रश्नातून १९५०चा त्यांचा निबंध आला. चार बिटांच्या मजकुराला तीन तपासणी बिट जोडायचे आणि प्रत्येक तपासणी बिटाने मजकुराच्या वेगवेगळ्या बिटांवर लक्ष ठेवायचे, अशी ती रचना होती. कोणत्या तपासण्या फसल्या यावरून बिघडलेल्या बिटाची जागा कळते, आणि जागा कळली की तो उलटवला की झाले.

त्याआधी १९४८मध्ये तिथल्याच क्लॉड शॅनन यांनी दाखवले होते की कितीही गोंगाटाच्या वाटेवरून, त्या वाटेच्या ठराविक क्षमतेच्या आत राहिल्यास, हवा तितका बिनचूक संदेश पाठवता येतो. असे संकेत असतात हे त्यांनी सिद्ध केले, ते बांधायचे कसे हे सांगितले नाही. पुढची पन्नास वर्षे त्या बांधणीत गेली. त्यात भारतीय नावे ठळक आहेत. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून अमेरिकेत गेलेले राजचंद्र बोस आणि त्यांचे शिष्य द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी १९६०मध्ये, आणि फ्रान्सच्या हॉकेनघेम यांनी स्वतंत्रपणे १९५९मध्ये, एकाहून अधिक चुका दुरुस्त करणारे संकेत मांडले. तिघांच्या आद्याक्षरांवरून ते बीसीएच संकेत म्हणून ओळखले जातात. १९६०मध्येच रीड आणि सॉलोमन यांचा संकेत आला. सीडीपासून व्हॉयेजर यानांपर्यंत तो पोहोचला आणि आज प्रत्येक क्यूआर कोडात तोच आहे. गॅलागर यांनी साठच्या दशकात सुचवलेले एलडीपीसी संकेत त्या काळच्या यंत्रांना पेलले नाहीत. नव्वदच्या दशकात त्यांचा पुन्हा शोध लागला आणि ते शॅनन यांच्या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचतात हे दिसले. फाइव्ह-जी मोबाइलवर आपण जो डेटा ओढतो तो याच संकेतात गुंडाळून येतो.

ओळख पटवणारा अंक

माणसाच्या बोटातून होणाऱ्या चुकांसाठी वेगळा उपाय निघाला: क्रमांकाच्या शेवटी तपासणीचा अंक. आधार क्रमांकाचे बारा अंक असतात, त्यातला शेवटचा हा असा अंक आहे. तो काढण्याची रीत नेदरलँड्सचे गणिती याकोबस व्हर्होफ यांनी १९६९मध्ये दिली. आधीच्या सोप्या रीतींमध्ये एक उणीव होती. अंकांना आलटून पालटून एक आणि तीनने गुणून बेरीज घेणारी रीत एक अंक चुकला तर पकडते, पण शेजारचे दोन अंक उलटे पडले आणि त्यांच्यात पाचाचा फरक असला, म्हणजे १६ चे ६१ किंवा २७ चे ७२ झाले, तर तिला पत्ता लागत नाही. व्हर्होफ यांची रीत एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या अंकांची कोणतीही अदलाबदल पकडते.

सळईच्या बिलावरच्या पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकातही शेवटचे अक्षर तपासणीचे असते. सुरुवातीचे २७ महाराष्ट्राचे, पुढची दहा अक्षरे पॅनची. जालन्याच्या ड्राय पोर्टचा ज्या व्यापाराशी संबंध आहे त्यातल्या प्रत्येक कंटेनरवर चार अक्षरे, सहा अंक आणि चौकटीत एक तपासणी अंक रंगवलेला असतो. रेल्वेच्या मालडब्याच्या अकरा अंकी क्रमांकातही शेवटचा अंक हेच काम करतो.

या अंकाची मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हवी. दहा शक्यतांपैकी एक अंक असतो, त्यामुळे मनाने ठोकलेल्या दहा क्रमांकांपैकी सरासरी एक तपासणीतून पार होतोच. चूक आहे एवढे तो सांगतो. बरोबर अंक कोणता, हे सांगत नाही. आणि क्रमांक नीट असला तरी तो याच माणसाचा आहे याची हमी तो देत नाही. शेजाऱ्याचा आधार क्रमांक आपल्या अर्जावर पडला तर व्हर्होफ यांच्या गणिताला त्यात वावगे काहीच दिसणार नाही.

जिथे असा अंकच नाही तिथली परिस्थिती आणखी नाजूक. बँकेच्या आयएफएससीमध्ये तपासणी अंक नाही, आणि सगळ्या बँकांच्या खाते क्रमांकांची रचना एकसारखी नाही. अनेक वर्षे एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम केवळ खाते क्रमांकावर जमा होत होती. अर्जावर लिहिलेले नाव जुळते का हे पाहण्याचे बंधन नव्हते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४मध्ये आदेश काढून १ एप्रिल २०२५पर्यंत पैसे पाठवणाऱ्याला खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय करायला बँकांना सांगितले. यूपीआयमध्ये ती आधीपासून होती. मला हा बदल मोठा वाटतो, कारण त्यात चूक पकडण्याचे काम अंकावरून काढून पैसे पाठवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांकडे दिले आहे.

दुरुस्ती: पुन्हा मागवायचे की जागच्या जागी सुधारायचे

चूक कळल्यावर दोन रस्ते असतात. पाठवणाऱ्याकडून तोच मजकूर पुन्हा मागवायचा, किंवा आधीच इतकी जादा माहिती पाठवायची की पोहोचल्यावर तिथेच दुरुस्ती होईल. पहिला रस्ता स्वस्त पडतो, पण परतीची वाट लागते. कागदावर छापलेल्या मजकुराला परतीची वाट नसते, म्हणून क्यूआर कोडाने दुसरा रस्ता धरला. त्याच्या चार पातळ्या आहेत. सर्वात खालच्या पातळीत कोडाचा सुमारे ७ टक्के भाग खराब झाला तरी मजकूर वाचता येतो, सर्वात वरच्या पातळीत सुमारे ३० टक्के. वरची पातळी घेतली की त्याच चौकोनात मजकूर कमी मावतो.

जालन्याला याचे महत्त्व बियाण्यामुळे आहे. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको उभी केली, आणि जालना बियाण्यांच्या व्यापाराचे गाव म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. बियाण्याचा प्रवास मूळ पैदास बियाण्यापासून विक्रीच्या पिशवीपर्यंत तपासता यावा म्हणून केंद्र सरकारने २०२३मध्ये 'साथी' हे पोर्टल सुरू केले. पिशवीवरच्या क्यूआर कोडावरून तो माग काढायचा, अशी ती योजना आहे. दुकानात रचलेली पिशवी घासते, ओली होते, कोडाचा कोपरा उडतो, तरी मोबाइल तो वाचतो. ही रीड आणि सॉलोमन यांची कमाई. पण त्याच कोडाचे छायाचित्र काढून बोगस पिशवीवर छापले तर मोबाइल तोही तितक्याच सहजपणे वाचतो. चुका सुधारणारा संकेत नकलेला आडवा येत नाही. ती अडवायची तर प्रत्येक पिशवीला वेगळा क्रमांक हवा, आणि तोच क्रमांक दोन ठिकाणी दिसला की मागच्या यंत्रणेने हाक मारायला हवी. ते काम संकेताचे नाही, नोंदवहीचे आहे.

सातबारा: जुनी वही आणि नवा संगणक

या जिल्ह्यातल्या सर्वांत जास्त माणसांना ज्या संगणकीय नोंदीची धास्ती असते ती सातबाऱ्याची. इथे थोडे थांबायला हवे, कारण आपल्या महसुली दप्तरात चूक पकडण्याची उत्तम रचना संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून होती.

सातबारा गटाप्रमाणे असतो: या गटात कोणाचे किती. आठ-अ खात्याप्रमाणे असतो: या माणसाचे कुठे किती. तीन भावांची जमीन दोन गटांत आहे असे समजू आणि पोटखराबा बाजूला ठेवू. पहिल्या गटात थोरल्याचे ४० आर, मधल्याचे ६०, धाकट्याचे ४०. एकूण १ हेक्टर ४० आर. दुसऱ्यात ८०, ५० आणि ३०. एकूण १ हेक्टर ६० आर. आठ-अवर थोरल्याचे १ हेक्टर २० आर, मधल्याचे १ हेक्टर १० आर, धाकट्याचे ७० आर. आता दुसऱ्या गटात मधल्याच्या नावापुढे ०.५० ऐवजी ०.०५ पडले. त्या गटाची बेरीज ४५ आर कमी भरेल. मधल्याच्या आठ-अची बेरीजही ४५ आर कमी भरेल. आडवी ओळ आणि उभी ओळ जिथे मिळते तिथे चूक आहे, आणि किती भरायचे तेही कळले. फरकाला नऊने भाग जातो, म्हणजे अंक उलटले असावेत, हे तर आडतीवरचा कोणताही जुना मुनीम सांगेल. हॅमिंग यांच्या पिढीने आडव्या-उभ्या पॅरिटीचे जे संकेत बांधले त्यांचे तत्त्व हेच आहे.

पण त्याला एक अट आहे: दोन्ही वह्या स्वतंत्रपणे लिहिलेल्या हव्यात. ई-फेरफार प्रणालीत आठ-अ सातबाऱ्याच्याच माहितीतून तयार होतो. म्हणून दोन्ही नेहमी जुळतात, आणि जुळतात म्हणून काहीच सिद्ध होत नाही. दुसऱ्या गटात मधल्याचे ५० आणि धाकट्याचे ३० आर टंकताना अदलाबदल झाले असे धरा. गटाची बेरीज १ हेक्टर ६० आरच राहते. हाताने लिहिलेला आठ-अ असता तर त्यावरचे १ हेक्टर १० आर आणि ७० आर सातबाऱ्यांवरून येणाऱ्या ९०-९० आरशी जुळले नसते आणि लगेच गलका झाला असता. आता सातबाराही साफ आणि आठ-अही साफ. संगणकीकरणात वेग आला, नक्कल घरबसल्या मिळू लागली, हे फायदे खरे आहेत; पण ही स्वतंत्र उलटतपासणी त्यात हातची गेली, आणि तिची चर्चा फारच कमी झाली असे माझे मत आहे.

स्वतंत्र साक्षीदार अजून एक उरला आहे: भूमी अभिलेख विभागाचा आकारबंद. त्यातले गटाचे क्षेत्र मोजणीतून आलेले असते, सातबाऱ्यातून नाही. दोन्हींचा मेळ घालण्याचे काम म्हणूनच महत्त्वाचे आहे. याखेरीज प्रणाली स्वतः विसंगतींचे अहवाल काढते. खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळत नसेल तर तो गट ओडीसी अहवालात येतो आणि तलाठ्याला अहवाल निरंक करायचा असतो. इथे शास्त्राला ठाऊक असलेला एक धोका उभा राहतो. चुका पेलण्यापलीकडे गेल्या की दुरुस्त करणारा संकेत मजकूर मुळापेक्षा वेगळ्याच, पण दिसायला निर्दोष अशा मजकुरात बदलतो. निरंकचा तगादा असलेल्या टेबलावरही तेच होऊ शकते: उरलेले दोन आर कोणाच्या तरी नावापुढे चढवले की बेरीज जुळते.

राज्याने या मर्यादा ओळखल्या नव्हत्या असे म्हणता येणार नाही. २०१७मध्ये राज्यभर चावडीवाचन झाले. हस्तलिखित आणि संगणकीय उतारे गावकऱ्यांसमोर वाचून चुका नोंदवायच्या, हा त्याचा उद्देश. कोणाची जमीन किती हे गावाच्या आठवणीत स्वतंत्रपणे साठलेले असते आणि चावडीवाचनाने तिचाच तपासणीसाठी उपयोग केला. २०१८च्या महाराष्ट्र दिनी डिजिटल सहीचा सातबारा आला. सहीनंतर उताऱ्यातले एक अक्षर बदलले तरी सही तुटते, ही त्याची ताकद. सहीआधीच चूक असेल तर ती चूकही सहीसकट पक्की होते. मग उरते जमीन महसूल संहितेचे कलम १५५, म्हणजे लेखनप्रमादाची दुरुस्ती. खातेदार अर्ज करतो, जुने उतारे जोडतो आणि तहसीलदारांच्या आदेशाची वाट पाहतो.

मराठवाड्यात जुने उतारे जोडणे हीसुद्धा सोपी गोष्ट नाही. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि बरेच दप्तर उर्दूत व मोडीत आहे. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी अशा अभिलेखांचा मोठ्या प्रमाणावर शोध झाला. स्कॅन केलेली प्रत बिटागणिक शाबूत ठेवता येते. तिच्यावरचे मोडी अक्षर काय आहे, हे वाचणाऱ्या जाणकारावर अवलंबून राहते.

मतभेद कुठे आहेत

पहिला मतभेद तपासणीच्या जागेचा. एक बाजू म्हणते, प्रत्येक टप्प्यावर भक्कम तपासणी असली की एकूण काम बिनचूक होते. दुसरी बाजू १९८४च्या सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांच्या निबंधाकडे बोट दाखवते: टप्पे कितीही भक्कम असोत, मजकूर अखेरच्या माणसाकडे पोहोचल्यावर शेवटची तपासणी करावीच लागते, कारण दोन टप्प्यांच्या मधल्या जागेतही चूक शिरते. टप्प्यांवरच्या तपासणीचा उपयोग कामाला वेग देण्यापुरता. चावडीवाचन, पैसे पाठवण्याआधी दिसणारे नाव, ही या दुसऱ्या विचाराची उदाहरणे म्हणता येतील.

दुसरा मतभेद खर्चाचा. सर्व्हरच्या मेमरीत ६४ बिटांमागे ८ तपासणी बिट असतात. एक उलटलेला बिट आपोआप सुधारतो, दोन उलटले तर कळते. साध्या संगणकांत हे बहुधा नसते. गरज काय, असे विचारणाऱ्यांना गुगलच्या सर्व्हरांवरचा २००९चा अभ्यास उत्तर देतो: वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या. २००३मध्ये बेल्जियममधल्या स्खारबेक इथे एका उमेदवाराला अचानक ४०९६ मते जास्त पडली. ती शक्य तेवढ्या मतांहून जास्त भरली म्हणूनच गडबड ध्यानात आली. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, एकाच बिटाची किंमत. वैश्विक किरणांमुळे बिट उलटला असावा असा अंदाज व्यक्त झाला. विरुद्ध बाजूचे म्हणणेही बिनबुडाचे नाही: जादा चिप, जादा वीज, जादा पैसा, आणि घरगुती वापरात बहुतेक चुका कोणाच्या नजरेसही येत नाहीत.

तिसरा मतभेद आपल्या अधिक जवळचा आहे: यंत्राने संशय आला की फक्त खूण करावी, की स्वतः दुरुस्त करून टाकावे? बिटांच्या बाबतीत आपोआप दुरुस्तीवर आज कोणी हरकत घेत नाही. नावांच्या बाबतीत घ्यावी लागते. १९६४मध्ये फ्रेडरिक डॅमराऊ यांनी दाखवले की शब्दांतल्या बहुतांश चुकांमध्ये एकच गडबड असते: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेले, किंवा दोन उलटलेली. रशियाच्या लेव्हेनश्टाइन यांनी १९६५मध्ये अशा अंतराचे गणित मांडले. आज नावे जुळवणाऱ्या प्रणाली त्याच वाटेने साम्याचा गुण काढतात. शेतकरी ओळख क्रमांकासाठी आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव असेच ताडून पाहिले जाते. आधारवर रोमन लिपीतून आलेले स्पेलिंग, सातबाऱ्यावर देवनागरी, कुठे वडिलांचे नाव पुढे तर कुठे आडनाव. काटेकोर राहिले तर खरा शेतकरी बाहेर पडतो. सैल सोडले तर एकाच गावातल्या सारख्या नावाच्या दोघांपैकी एकाचे अनुदान दुसऱ्याच्या खात्यात जाते.

काय सुटलेले नाही

संकेतांच्या गणितात छोट्या संदेशांसाठीचे उत्तम संकेत आणि ते उलगडण्याचा खर्च यांवर काम चालू आहे. त्याहून अस्वस्थ करणारा प्रश्न २०२१मध्ये गुगल आणि मेटा यांच्या अभियंत्यांनी मांडला. आजवरचे सारे संकेत साठवणीत आणि वाटेत होणाऱ्या चुकांसाठी आहेत. गणित करणारी चिपच चुकली तर? मेटाच्या एका यंत्रात १.१ चा ५३ वा घात काढल्यावर पूर्णांक १५६ यायला हवा होता, आणि एक विशिष्ट प्रोसेसर कोअर शून्य देत होता. इशारा नाही, यंत्र बंद पडणे नाही. एकच काम दोन यंत्रांवर करून ताडून पाहणे हा उपाय आहे, पण मग खर्च दुप्पट होतो.

खोट्या नोंदीचा प्रश्न तर उघडाच आहे. २०२५मध्ये अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपात गैरव्यवहार झाल्याचे प्रशासकीय चौकशीत समोर आले. कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, गुन्हे दाखल झाले. बरोबर रचनेचा क्रमांक आणि चालू बँक खाते एवढ्यावर रक्कम जाते, तिथे तपासणी अंक काहीच करू शकत नाही. पीक पाहणी, आकारबंद आणि लाभार्थी यादी यांची एकमेकांशी उलटतपासणी हा मार्ग सुचवला जातो. तिन्ही नोंदी एकाच हातून भरल्या जाणार असतील तर त्या तीन उरत नाहीत, एकच होते.

दुरुस्तीचा माग ठेवण्याबद्दलही एकमत झालेले नाही. मेमरीतला बिट गुपचूप सुधारला जातो, तरी चांगले सर्व्हर अशा दुरुस्त्यांची संख्या मोजून ठेवतात, कारण ती वाढली की पट्टी बदलायची वेळ आली हे कळते. फेरफाराच्या वहीने हे फार पूर्वीच ओळखले होते: जुनी नोंद खोडत नाहीत, कंस करतात, आणि फेरफार क्रमांक लिहितात. आता नावांचा मेळ यंत्र घालू लागले आहे. अमुक नाव तमुक गुणांवर यंत्राने जुळवले, ही नोंद उताऱ्यावर दिसावी असा एक आग्रह आहे, म्हणजे खातेदाराला हरकत घ्यायला जागा राहील. अशा शेऱ्यांनी उतारा गुंतागुंतीचा होईल आणि बँका कर्ज द्यायला कचरतील, हे त्यावरचे उत्तर. दोन्हींत तथ्य आहे. निर्णय होईपर्यंत चूक सापडवण्याचे आणि ती सिद्ध करण्याचे ओझे अर्ज घेऊन तहसीलला येणाऱ्या खातेदारावरच आहे.